लोखंड नको

बेलापूरला किल्ल्याच्या पडक्या बुरुजापासून बरंच खाली,
जिथं तिवरं संपतात आणि रस्ता अजून सुरू होत नाही,
एक उंचवटा आहे, बैलाच्या वशिंडासारखा.
काहीजण त्याला फिरंग्यांची टेकडी म्हणतात,
काहीजण काहीच म्हणत नाहीत, खणतात.

मी पोचलो माघ संपता संपता, म्हणजे सगळ्यांच्या नंतर.
आधी येऊन गेलेला एक भगत, लिंबं आणि काळं कोंबडं घेऊन,
मग वाशीचे दोघे भाऊ, विलायती मशीनवाले,
मग ऐरोलीचा एक डेंटिस्ट, जो म्हणे
सापडलेलं प्रत्येक नाणं टूथब्रशनं घासायचा
आणि कापसावर निजवायचा.
खड्डे बुजवायची रीत कुणालाच नव्हती.
जमिनीला देवी येऊन गेल्यासारखी.

माझं मशीन सेकंडहँड.
वीज मंडळात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकली,
कान तेवढे तयार.
विकणाऱ्यानं शिकवलं होतं, हे बटण दाबायचं,
लोखंड नको म्हणायचं,
की खिळे गप्प बसतात
आणि तांबं, पितळ, चांदी बोलायला लागते.

चार रविवार लोखंड नको म्हणत फिरलो.
गुटख्याची चांदी मिळाली. बिअरच्या डब्याचा कान.
आरासीतली तांब्याची तार.
पाच रुपयांचं एक नाणं, बहुधा माझंच.

पाचव्या रविवारी सुकतीला
नामीबाय मढवी चिखलातून वर आली,
डोक्यावर घमेलं, घमेल्यात चिंबोऱ्या, वर ओलं फडकं.
‘गावला का काय?’
नाही म्हटलं.
‘माजे आज्याची बाव व्हती हितंच खंय तरी.
मोजणीवाल्यांनी भरून टाकली. कप्पी वरशी लोखंडाची.
तुजी मशीन कप्पी दावंल?’
म्हटलं, आजी, ही लोखंड दाखवत नाही,
मीच तिला नको म्हणून सांगितलंय.
तिनं माझ्याकडं असं पाहिलं
जसं मी खाडीला सांगितलं होतं, भरती नको.

बटण सोडलं.

सगळी टेकडी एकदम बोलायला लागली,
पंगत बसायच्या आधी लग्नघर बोलतं तशी.
खिळे, नाल, होडीचे बिरडे,
मोजणीच्या खुंट्या, ज्यांनी नामीबायची तीन एकरं
कागदावर उचलून नेली.
आणि दोन खिळ्यांच्या मधोमध
झोपेत कुणी ओठ हलवावेत एवढंच काहीतरी.

वीतभर खाली होतं ते. चपटं, पितळेचं,
मागं दोरा ओवायची कडी, कडीत माती.
साहेबाच्या कोटाचं असेल,
किंवा तो कोट मांडीवर घेऊन बसलेल्या शिंप्याच्या
हातून निसटलेलं.
इतक्या जणांच्या पायाखाली होतं
आणि शेजारचा खिळा त्याच्यावरून बोलत राहिला.

नामीबायनं चिमटीत धरून उन्हाला लावलं.
‘बुतांव,’ म्हणाली.

बुतांव.
फिरंगी गेले, त्यांच्या तोफा गेल्या,
आणि शब्द हा असा, घासूनपुसून, तिच्या जिभेवर.
मग माझं लक्ष घमेल्याकडं गेलं.
तेही त्यांचंच. बादली, चावी, तीही.
कुठलंच मशीन त्यांवर वाजलं नव्हतं.

‘लाव तुजे सदऱ्याला,’ ती म्हणाली, ‘वरचा तुटलाय.’

उतरणीला, आंबटवेलीच्या जाळीत, मशीन ओरडलं.
जाड, खोल, न थांबणारा आवाज.
तिथं एकही खड्डा नव्हता.
सगळे त्याला वळसा घालून गेलेले,
मीसुद्धा, चार वेळा.

मी कुदळ उचलली.
ती नको म्हणाली, हातानंच.
घमेलं खाली ठेवून आवाजावर उभी राहिली,
पाय जरा फाकवून, कंबर वाकवून,
आणि हवेतला दोर
एका हाताखाली दुसरा हात, एका हाताखाली दुसरा,
ओढायला लागली.

एक चिंबोरी घमेल्यातून उतरून
खाडीकडं निघाली होती.
मी तिला अडवलं नाही.