इतर

मॅडमनं दिलेल्या वहीत पाच रकाने:
केस. हाडं. पिसं. बिया. इतर.
रोजी साडेतीनशे रुपये, आणि चहाची एक गाळणी
जी पुन्हा चहाला वापरायची नाही.

कोल्हं लपून हागत नाही.
पांदणीच्या मधोमध, दगडावर, उंचवट्यावर,
जसा सातबाऱ्यावर अंगठा.
मी ते पिशवीत भरते, तारीख टाकते,
नाल्याच्या पाण्यात भिजवून गाळते
आणि त्याची कालची रात्र
माझ्या बोटांखाली मोकळी होते.

उंदराचा दात, कणीएवढा, पिवळा.
भादव्यात खेकड्याच्या नांग्यांचा चुरा.
पौषात नुसत्या बोराच्या आठोळ्या,
महिनाभर जसा उपास धरलेला.
गळालेल्या संत्र्याच्या बिया.
एकदा सशाचे केस निघाले. मॅडम म्हणाली,
जोडीनं धरला असेल,
एक हाकलतं, एक आडवं दबून राहतं.

‘इतर’मध्ये मी आजवर लिहिलंय:
चपलेचं रबर,
खर्र्याची पन्नी,
गाईची वार बांधून बाभळीला टांगलेल्या
पोत्याचा धागा.

बाबा वही बघून हसायचा.
“कोल्हं काय खाते इचारू नको वं,
काय खात नाई थे इचार.”
उकंडा त्याचं नाव. आधीची तीन पोरं गेली
म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललेला.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात जागल केली,
तेलाच्या डब्यावर काठी हाणत.
डुकरं पळायची. कोल्हं नाही.
ते धुऱ्यावर बसून राहायचं डबा थकेपर्यंत,
मग टरबुजाच्या वाडीत शिरायचं
आणि पिकलेलंच फोडायचं.
कच्च्याला तोंड लावल्याचं
बाबानं कधी पाहिलं नाही.
शिव्या भरपूर दिल्या त्यानं. विष ठेवलं नाही,
मालकानं पुडी दिली होती तरी.
ती पुडी अजून आमच्या छपरात खोचलेली असेल.

एप्रिलात मॅडमनं कॅमेऱ्यातलं दाखवलं.
नाल्याच्या दरडीत बीळ,
चार पिल्लं एका जबड्याला झोंबलेली.
हा नर आहे, ती म्हणाली, बाप.
त्यानं पोटातलं सगळं ओकून टाकलं त्यांच्यापुढे
आणि बाजूला जाऊन बसला, रिकामा.
मी काही बोलले नाही.
मी लहान असताना बाबा पहाटे यायचा
तेव्हा खिशात हुळा असायचा,
करपलेला, कोमट,
बिडीचा वास लागलेला.

दहाव्याला कावळा शिवला नाही.
बारा वाजले. एक वाजला.
काकानं माझ्या लग्नाचं कबूल केलं,
आईनं तो तेलाचा डबा आणून
पिंडाशेजारी ठेवला.
कावळा बाभळीवरून बघत राहिला, मान वाकडी करून.
शेवटी महाराजांनी गवताचा कावळा केला, शिववला,
आणि माणसं घरी गेली. ऊन फार होतं.

तिसऱ्या दिवशी, त्याच पांदणीत,
नमुना क्रमांक दोनशे अकरा.
गाळणीत भाताचं एखाद-दुसरं शीत, दर्भाची काडी,
आणि काळे तीळ. अख्खेच्या अख्खे.
मी मोजले. एकोणचाळीस.

बियांत घालता आले असते.
तीळ बीच की.
मॅडम गाडीत फोनवर होती, पेन सुकत होता,
मी ‘इतर’वर बोट ठेवून
बराच वेळ बसले.

संध्याकाळी आईला एवढंच सांगितलं:
खाल्लं.
कोणी, तिनं विचारलं नाही.
हात धुवून ये म्हणाली,
आणि ताट घेतलं वाढायला.