निरंक

दर मार्चअखेर मी एक तक्ता भरतो.
तालुका करवीर. वेठबिगार आढळले : निरंक.
बावीस वर्षं. आता पेन आपोआप चालतं,
अंधारात चपला सापडाव्यात तसा शब्द सापडतो.

यंदा खिडकीशी कौसाबाई आली,
वडणग्याच्या गुऱ्हाळावरनं, चालत.
काहिलीच्या वाफेनं पोळलेला हात पदराखाली.
"उचल फिटली न्हाई म्हनत्यात.
पोरगं ठिवून घेतलंय, चुलवाणात चिपाडं सारायला.
आधारकार्ड मुकादमाच्या पिशवीत."

मी म्हणालो, अर्ज लेखी द्या.
ती म्हणाली, लिव्हा की तुमीच.

तिच्यामागं वकील आजरेकरबाई.
म्हणाल्या, जिनिव्हाचा करार मान्य केलाय आपण.
डांबलं हा मालकाचा गुन्हा;
पण ठाऊक असून राज्य गप्प बसलं,
तर तो राज्याचा.

मी विचारलं, राज्य नेमकं बसतं कुठं?
बाई बोलल्या नाहीत.
माझ्या खुर्चीकडं बघत राहिल्या.

पंचनाम्याला जीप मिळाली चौथ्या दिवशी.
तोवर चुलवाण गार.
आढ्याला एक लहान शर्ट वाळत घातलेला,
तो पंचांनी नोंदवला नाही.

रात्री घरी चहा गुळाचा होता.
तसाच ठेवला.

सकाळी निरंक खोडून मी लिहिलं : एक.
साहेबांनी चष्मा काढला. "हा एक कोण?
नाव?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा रकाना भरला,
आणि पोराचं नाव
मी विचारलंच नव्हतं.