वळखस नही

यादी मी वीजबिलाच्या पाठीवर केली.
वर प्रोसेसर, खाली बोर्ड, मग रॅम, मग डबा,
प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह,
आणि समासात, पेन्सिलीने, अण्णांचं अक्षर:
‘आधी माप, मंग माल.’

अण्णा भुसावळच्या इंजिन शेडात छत्तीस वर्षं फिटर.
अजूनही बुशशर्टाच्या खिशात फीलर गेज,
पोलादाची पानं, केसाएवढी पातळ.
रिकामपणी दाराच्या फटी मोजतात.
‘लिनक्स म्हंजे कोन्ती कंपनी?’
कंपनी नाही, म्हटलं. कुणा एकाचं नाहीच ते.
‘मंग बिघडलं तं कोनाले बोलावशीन?’
मलाच.
उत्तर पटलं असावं,
पंख्याखालची खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली.

माझं काम विहिरींचं.
यावल-रावेरच्या दोन हजार विहिरी,
कुठलं पाणी किती हात खाली गेलं, त्याचे नकाशे.
जुनं यंत्र एका नकाशाला रात्र घ्यायचं
आणि पहाटे, ऐन निळा रंग भरताना,
मला न विचारता अपडेट होत बसायचं.
तेव्हाच ठरवलं होतं.

तीन आठवडे नुसतं वाचणं.
कुठल्या वायफाय चिपला कर्नलमध्ये घर आहे,
कुठली दारातच उभी राहते, ड्रायव्हर मागत.
ग्राफिक कार्ड लाल की हिरवं?
हिरव्याबद्दल ऐकलं ते असं, की झकास चालतं
आणि एखाद्या अपडेटनंतर पडदा काळा.
लाल लिहिलं. खोडलं. पुन्हा लाल.
अगदी नवं कोरं काही नको, हेही कळलं:
काल बाजारात आलेल्या तुकड्याची भाषा
अजून कुणी लिहून घेतलेली नसते.
भारंबेकाकू म्हणाल्या, गुण जुळवतेस की काय गं?
नाही काकू, तिथे अठरावर भागतं.
इथे एक पिन वाकडी तर दिवा लागत नाही.

जळगावात त्या दिवशी शेहेचाळीस.
हिलालभाऊंच्या दुकानात सगळं जोडून झालं,
पंखे फिरले,
पडदा मात्र काळाच.
हिलालभाऊ मूळचे पारोळ्याकडचे. कान खाजवत म्हणाले,
‘ताई, हाऊ बोर्ड त्याले वळखस नही.’
बोर्ड दोन वर्षं फळीवर पडून होता.
हा प्रोसेसर त्याच्यानंतर जन्मला.
सॉकेट तेच, माप तेच, यादीत सगळं बरोबर,
फक्त ओळख नाही.

ती करून द्यायला जुनाच कुणी लागतो.
ड्रॉवरमधून सुपारीची डबी निघाली,
डबीतून एक म्हातारा प्रोसेसर,
त्याच्या दोन पिना मुडपलेल्या.
‘आन इकडे,’ अण्णा म्हणाले.
चष्मा कपाळावर, खिशातलं सगळ्यात पातळ पान
पिनांच्या रांगेत घातलं
आणि श्वास धरून, एक-एक,
सरळ केल्या.
दुकानात कुणी बोललं नाही.

मग पाच मिनिटं बोर्डाला नवा धडा.
‘आते लाइट नको जावाले,’ म्हणत हिलालभाऊंनी
यूपीएसवरचं बाकी सगळं काढलं, स्वतःचा पंखासुद्धा.
आम्ही तिघं घामात उभे,
पट्टी सरकतेय, सरकतेय,
नव्वदवर उगाच थांबलीय.

झालं.
म्हातारा निघाला, नवा बसला, पडद्यावर त्याचं नाव आलं.
डबीतल्याचे पैसे हिलालभाऊंनी लावले नाहीत.
‘तो इकाना नही शे,’ म्हणाले.

आता नकाशा अकरा मिनिटांत होतो.
निळा भाग गेल्या वर्षीपेक्षा कमी,
हे लवकर कळतं, एवढंच.
एक खोड राहिली: निजवलं की उठत नाही,
बटण दाबून जागं करावं लागतं.
उपाय शोधतेय.
अण्णा डब्याच्या बाजूच्या पत्र्याशी वाकलेत,
फटीत एकेक पान सरकवून पाहताहेत.
‘वीस,’ म्हणतात. ‘धूळ जाईन यातून.’