आडव्या रेघेनंतरचा अंक

पिल्झेनला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
ब्रुअरीकडून शिजत्या सातूचा वास येतो फटीतून,
आणि मी चहा गार होऊ देत
दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या प्रोग्रामचं गाठोडं बांधते.

गाठोडंच. याहून मोठा शब्द मला पेलत नाही.
आत एक प्रोग्राम, चिपची नाडी बघणारा,
शे-दोनशे चिमुकल्या फायली, एकेका बोर्डाच्या खोडी सांगणाऱ्या,
एक परवाना, जो कुणी वाचत नाही आणि मी दर वेळी वाचते,
शिवाय यादी: कुणाकुणावाचून याचं अडतं.

माझ्याआधी राडिम ह्रुबेश बांधायचा.
त्याला जुळं झालं,
आणि एका रात्री त्यानं पॅकेजपुढे लिहिलं: अनाथ.
आमच्यात असंच म्हणतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.
मी दत्तक घेतलं. ना साक्षीदार, ना पेढे.
त्याच्या नावाखाली फक्त माझं नाव, झ्देन्का.

आवृत्ती शून्य पूर्णांक बारा.
हा आकडा ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांचा.
मग एक आडवी रेघ.
रेघेनंतरचा दोन, तेवढा माझा.
एवढी जागा माणसाला पुरते, असं मी म्हणत नाही.
पण ती माझी आहे, आणि मी ती झाडून ठेवते.

मंगळवारी तक्रार आली वाल्दिव्हियाहून.
नकाशा उघडला: चिली, खाली दक्षिणेला, नदीकाठी.
एलिसेओ उएंचुमान, शाळेच्या वर्कशॉपात शिकवतो.
पोरांनी केलेलं नदीची पातळी मोजायचं यंत्र मुकं झालंय.
चारही तारा जोडल्या, पाचवी जमिनीची, तीही.
प्रोग्राम चुटकीसरशी उतरला,
आणि म्हणाला: परवानगी नाही.

'मी मालक होऊन शिरलो की चालतं,' त्यानं लिहिलं,
'पण पासवर्ड माझ्याकडे. बोर्ड सोल्डर केला आयेलेननं.
पंधरा वर्षांच्या पोरीनं दर खेपेला मला हाक मारायची का?
ता. क. मासळीबाजारातले समुद्रसिंह पाणी किती चढलं ते सांगत नाहीत.
नुसते मासे मागतात.'

चूक माझीच होती.
नियमांची एक एवढुशी फाइल असते.
ती गाठोड्यात होती, पण भलत्याच खणात,
किल्ली आत विसरून दार ओढून घ्यावं तशी.
तिच्यात लिहिलेलं इतकंच:
ही वस्तू जोडली गेली, तर
समोर बसलेल्या माणसाला हात लावू द्या.
कोण, कुठला, विचारू नका.
समोर बसलाय ना? पुरे.

मी तिचं घर बदललं. बांधलं. सोडलं. परत बांधलं.
काहीच गृहीत न धरणाऱ्या कोऱ्या मशीनवर उतरवलं,
माझी जुनी प्रोब खुपसली, मालक न होता,
आणि हिरवा दिवा लागला.
दोनाचे तीन झाले.

शुक्रवारी तिकडून चार ओळी.
आयेलेननं लिहिलं: थांब.
चिप थांबली, अर्ध्या वाक्यात, श्वास धरून.
तिनं विचारलं, होतीस कुठे? चिपनं पत्ता दिला:
एकाच जागी गरगरत होती,
एका सेन्सरच्या उत्तराची वाट बघत,
ज्याची तार कधीच गंजून तुटली होती.

पोरगी हसली का, ओरडली का, त्यानं कळवलं नाही.
मीही विचारलं नाही.
तार बदलायला ती होडीतून गेली, एवढं समजलं.

नऊ वाजले. शेवटून दुसरी ट्राम खडखडत गेली.
आता एका जुन्या जातीच्या मशीनवर बांधणी कोसळलीय,
आकडे उलट्या टोकाकडून वाचणारी जात,
जगात चाळीसएक उरली असतील.
राडिम म्हणायचा, सोडून दे ती.
पण चाळिसांतल्या एकीसमोर
कुणीतरी बसलेलं असणार.

चहा ओतून टाकते, नवा ठेवते.
रेघेनंतर, चार.