प्रश्न उद्भवत नाही

डिसेंबरात दोन आठवडे मी माहेरी येतो, सरकारी खर्चाने.
(शब्द बायकांचा आहे, पण मला दुसरा सापडत नाही.)
आधी फायलींचे ट्रक नागपूरला पोचतात, मग आम्ही,
मग मंत्री, मग थंडी.

मी प्रतिवेदक. सभागृहाच्या मधोमध, खाली बसतो.
जो बोलेल त्याचं लिहितो. दहा मिनिटं माझी,
पुढची दहा लांजेवारबाईंची.
घंटा नसते. खांद्यावर एक बोट टेकतं,
आपण पेन्सिल उचलायची आणि उठायचं,
वाक्य तिथंच उभं ठेवून.

आज सार्वजनिक आरोग्य.
तारांकित प्रश्न क्रमांक चार हजार एकशे बारा.
ग्रामीण रुग्णालय, मौजे सोनेघाट, येथील डायलिसिसची दोन यंत्रे
चौदा महिने खोक्यांत बंद आहेत, हे खरे आहे काय?
हे अंशतः खरे आहे.
असल्यास, चौकशी केली आहे काय? काय आढळून आले?
माहिती घेण्यात येत आहे.
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
प्रश्न उद्भवत नाही.

'अंशतः'साठी माझ्या लघुलिपीत एक आखूड रेघ आहे,
शेपटीशी किंचित कललेली.
झोपेतही हात ती काढतो, बायको सांगते, चादरीवर.

एक नवे सदस्य उठले. जाकिटावर अजून दुकानातली घडी.
'अध्यक्ष महोदय, अंशतः म्हणजे किती?
एक यंत्र खोक्यात आहे, की दोन्ही अर्धी अर्धी बाहेर?'
(हशा)
कोण हसलं ते लिहायचं नसतं.
मंत्र्यांकडे मागून एक चिठ्ठी आली. ते उठले, चष्मा लावला.
'वस्तुस्थिती अशी आहे की'
आणि माझ्या खांद्यावर बोट.

बाहेर ऊन. व्हरांड्यात चहा, लाल तर्रीचे पोहे.
लांब, कठड्यांच्या पलीकडून आशाताईंच्या घोषणा येत होत्या,
शब्द नाही, नुसता चढउतार.
तेवढं ऐकून लिहिता आलं असतं मला.
पण ती माझी दहा मिनिटं नव्हती, ते सभागृहही नव्हतं.

संध्याकाळी मेडिकलला गेलो.
इथंही पाळ्या. चार तास मोरेश्वरचे,
पुढचे चार उमरेडच्या कुण्या मास्तरांचे.
मास्तर पायांवर शाल घेऊन बाकावर आधीच बसलेले,
घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत.

मोरेश्वर माझा धाकटा. सोनेघाटला लाइनमन.
'काऊन रे दादा, काय म्हन्ते तुहं सभागृह?'
मी म्हणालो, तुमच्या मशीनींचं निघालं होतं आज.
तो एकदम उठूनच बसायला लागला, सिस्टर ओरडली.
'मी उतरवल्या ना त्या! धा जण लागले.
तवा मले काय मालूम होतं का आपल्याच कामाच्या हायेत.
एका खोक्यावर कंपाउंडर डबा खाते.
दुसऱ्यावर पल्स पोलिओचे कागद.
मंग? मंत्री काय म्हनले?'

लांजेवारबाईंचा कागद मी दुपारी पाहिला होता.
माझी शेवटची ओळ, वस्तुस्थिती अशी आहे की,
आणि त्यांची पहिली: (गोंधळ).
दुसरी: सभागृहाची बैठक पंधरा मिनिटांसाठी तहकूब झाली.
उद्या मी हे दोन कागद जोडून टाईप करणार.
मध्ये काही राहिलं नाही असं दिसेल.

'सांग ना बे.'
'माझी पाळी संपली होती,' मी म्हणालो.
तो माझ्याकडे पाहत राहिला, मग नळ्यांकडे.
'माही संपाले सव्वा तास हाये,' म्हणाला.

अधिवेशनात आम्हा सगळ्यांना संत्र्यांची एकेक पेटी मिळते.
मोरेश्वरला संत्रं बंद आहे, पोटॅशियम.
जिभेचा पट्टा होता त्याचा, हंगामात बारा बारा खायचा.
पिशवीतलं एक काढलं, नाही म्हणता म्हणता.
'सोल,' तो म्हणाला, 'खात नाही. सोल फक्त.'
मी सोललं. बाकावरच्या मास्तरांनी मान वळवली.
सिस्टरनंही.