डबा फोडत नाही

हजिऱ्यापलीकडच्या पॉटरीत
रात्रपाळीला मी आकडे लिहीत असे.
एमएस्सी फिजिक्स, पगार अठराशे,
आणि हातात एक जुनी जर्मन दुर्बीण,
जिच्या पोटात केसाएवढी तार.

भट्टीच्या भिंतीला एकच भोक, रुपयाएवढं.
भट्टी थंड असताना त्याच्याइतकं काळं
उभ्या ग्वाल्हेरात काही नव्हतं:
आत गेलेला उजेड भिंतींवर आपटत आपटत
तिथंच मुरून जायचा.
तेच भोक पहाटे तीनला
डोळ्यात टाचणी खुपसल्यासारखं जळायचं.

दुर्बिणीतून बघायचं, बटण पिळायचं.
तार आधी काळी, मग तांबूस,
मग एका क्षणी दिसतच नाही.
ती नाहीशी झाली की आकडा खरा.
बाराशे सत्तर. लिहिलं.

कढोरे दुर्बीण लावत नसे.
वीट सरकवायचा, डावा डोळा मिटायचा:
"कप दिख रहे हैं साब, अभी कच्चा है."
तासाभरानं पुन्हा वीट.
"अब नहीं दिख रहे."
कप, बश्या, भिंत, कपांखालच्या फळ्या,
सगळ्यांचा ताप एक झाला
की कोण कुठं संपतं ते कळत नाही.
चिनी माती असो की वीट,
तेवढ्या तापाला रंग तेवढाच.
त्याच्या नजरेत आणि माझ्या तारेत
पाच अंशांहून जास्त फरक मी कधी पाहिला नाही.

एका डिसेंबरात, धुकं पार गेटच्या आत आलेलं,
त्याला सांगत बसलो
कागदावर हिशेब करणाऱ्यांची फजिती.
ताप सगळ्या लहरींना सारखा वाटला
तर बारीक लहरींची रांगच संपत नाही,
बेरीज अनंत येते.
म्हणजे या भोकातून
जांभळ्याच्या पलीकडचं इतकं सांडायला हवं
की तू, मी, कपांसकट हजिरा, सगळी राख.
"पर हम तो बैठे हैं," तो म्हणाला.
तेच तर.

मग म्हटलं, एकानं ठरवलं,
ताप सुटा मिळत नाही, पुड्यांत मिळतो.
लालची पुडी लहान, जांभळ्याची मोठी,
आणि अर्धी पुडी कुणालाच नाही.
कढोरेनं बिडी विझवली.
"नया बाज़ार का वो गजकवाला.
डिब्बा फोड़ता नहीं.
जेब में चिल्लर हो तो देखते रहो."
मी चार वर्षांत जे शिकलो
ते एवढंच होतं.
भट्टीच्या खिशात चिल्लर,
म्हणून आपण बसलोय.

पण चिल्लरीनंही घर रिकामं होतं.
लालच्या अलीकडचं, दिसत नाही ते,
ज्याची पुडी सगळ्यांत स्वस्त,
ते तीस वर्षं त्या भोकातून
त्याच्या उघड्या उजव्या डोळ्यात
जमा होत होतं, पैशा-पैशानं.
दुधावर साय धरते तसं.
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
माहीत असून मी रात्री आकडे लिहीत होतो,
काळा चष्मा मागवायचा अर्ज
माझ्याच टेबलाच्या खणात होता.

फाल्गुनातली एक रात्र. दीड वाजलेला.
त्यानं वीट सरकवली, डावा डोळा मिटला,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिला.
"अब नहीं दिख रहे."
मी दुर्बीण लावली.
कप दिसत होते. एकेकाचा कान दिसत होता.
बटण पिळलं, तार विरली:
नऊशे.

वहीत नऊशे लिहिलं.
त्याला म्हटलं, हां कढोरे, ठीक है,
और वीट लावायला
मीच उठलो.