कोपरे शाबूत

सेल्बीच्या बाजारात, दीड पौंडाला,
बुटांच्या खोक्यातून निघालं हे कार्ड:
गूलचं बंदर, १९०९.
समुद्र इथून कितीतरी मैल लांब
आणि तरी डोलकाठ्यांची ही दाटी.
पाण्यात कुणीतरी मागाहून निळा रंग भरलाय.
ऊझ कधीच इतकी निळी नसते,
मी रोज ओलांडते तिला,
कपात राहून गेलेल्या चहासारखी असते ती.

डावीकडे एका खिडकीवर शाईची फुली.

मागे हेटीचं अक्षर, घाईचं, उजवीकडे कललेलं:
‘एडा, फुली केलीय ती आमची खोली.
ऑलिव्ह अजून आली नाही.
तिच्या मागून निघालेल्या दोन आल्या.
विल्फ्रेडचे मोजे धुऊन ठेवलेत.
गुरुवारी येशील तेव्हा यीस्ट आण,
इथलं फुगत नाही.’

अर्ध्या पेनीचं तिकीट, तिरकं.
आणि पत्त्याखाली, दुसऱ्या कुणाच्या पेन्सिलीत:
यीस्ट. दिव्याची वात.
काळा दोरा, दोन रिळं.
४.१०ची गाडी.

आमच्या आत्याकडे तसलं कार्ड आलं
की ते उंबऱ्याबाहेरच, उभ्याने वाचायचे.
वाचून फाडायचे. मग आंघोळ.
त्याचा एक कोपरा आधीच फाडलेला असायचा,
पोस्टमनसुद्धा ते लांबूनच धरायचा.
म्हणून मी आधी कोपरे पाहिले.
चारही शाबूत.
वर श्री नाही,
पण इथे तो कुठल्याच कार्डावर नसतो.

रविवारी जाऊन आले गूलला.
कार्डात पाण्याचा मनोरा एकच, आता दोन,
गावाने त्यांना मीठ-मिरी नाव ठेवलंय.
फुलीच्या जागी टायरचं दुकान, बंद.
वरच्या मजल्यावर खिडक्या तीन;
कुठली, ते ठरेना.
कार्ड धरून उभी राहिले तर
कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं,
काही हरवलंय का?
नाही म्हटलं. खरं म्हणजे काय सांगणार.

काळा दोरा बटणं लावायलाही घेतात.
मोजे रफू करायलाही.
दोन रिळं जरा जास्त होतात, एवढंच.

शंभरावर वर्षं कुणी हे फाडलं नाही.
म्हणजे जहाज आलं असेल.
किंवा फाडायची रीतच नसेल त्यांच्यात,
जपून ठेवायची असेल.

निदान यीस्ट पोचलं,
एवढं तरी कुणी उलट टपाली
कळवायला हवं होतं.